तिप्पट आणि वर पाव

कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. स्वाती ताऱ्याचं अंतर मी एका माणसाला चुकीचं सांगितलं. ते उघडकीला आलं तेव्हा ठोंबरे सरांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत गप्प बसून राहिलो. बायकोला हे माहीत नाही. मुलीला तर नाहीच. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हणून तीनदा फोन केला. कामाबद्दल लिहायचं तर हे टाळून कसं लिहू, म्हणून दोन वेळा नाही म्हटलं.

माझं काम असं : मी कतारमध्ये, दोह्यात, फुगवायचं तारांगण चालवतो. काळ्या जाड कापडाचा घुमट असतो, त्यात पंख्याने हवा भरायची. मधोमध प्रोजेक्टर. खाली चटया. चाळीस माणसं उताणी झोपून वर बघतात. शाळा, मॉल, कंपाउंडमधले कार्यक्रम, कामगारांच्या वसाहती, जिथे बोलावतील तिथे व्हॅनमधून नेतो. आत शिरताना कापडी बोगद्यातून वाकून जावं लागतं. मोठ्यातला मोठा साहेबही तिथे गुडघे टेकतो. बाहेर भर दुपार, पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि आत पाच मिनिटांत आकाशगंगा. हे मी हजार वेळा पाहिलं असेल. अजूनही दिवे मालवले की आधी मीच वर बघतो.

मी मूळचा नाशिकचा, इथे आलो तो साउंड आणि लाइटचं काम करायला. परिषदा, उद्घाटनं, गाड्यांची प्रदर्शनं. कंपनीने घुमट विकत घेतला तेव्हा मॅनेजरने माझ्याकडे बोट केलं, “तू चालव.” आकाशातलं मला चंद्रापलीकडे काही येत नव्हतं. ते शिकवलं ठोंबरे सरांनी. सर लातूरचे. दोह्यातल्या एका शाळेत वीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. कंपनीने त्यांना घुमटात बोलण्यासाठी वर्षावर्षाच्या करारावर घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अबू हमूरमधल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं केलं आणि एक लांब ढांग टाकायला लावली.

“ही झाली एक मीटर. समज, पृथ्वी ते सूर्य एवढंच अंतर आहे. ह्याला म्हणायचं खगोलीय एकक. खरं पंधरा कोटी किलोमीटर. उजेडाला यायला आठ मिनिटं वीस सेकंद. आता नेपच्यून कुठे?”

“माहीत नाही, सर.”

“तीस ढांगा. त्या पांढऱ्या गाडीपाशी. आता एक प्रकाशवर्ष कुठे?”

मी गेटकडे बोट दाखवलं. सर हसले.

“त्रेसष्ट किलोमीटर. इथून गाडी काढ, अल खोर मागे टाक, रास लफानच्या थोडं अलीकडे थांब. तिथपर्यंत एकही तारा नाही. आणि पार्सेक म्हणजे दोनशे सहा किलोमीटर. अख्खा कतार दक्षिणोत्तर एकशे साठ. पार्सेक या देशात मावतच नाही.”

मी त्या पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीकडे बघत उभा राहिलो. माझी ग्रहमाला तिथे संपत होती, आणि पुढे वाळवंट, समुद्र, आणि काहीच नाही.

पार्सेक काय असतो हे वाचकांना सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. हात लांब केला की कमी सरकतो. पृथ्वीलाही असे दोन डोळे आहेत, सूर्याच्या एका बाजूला असतानाचा जानेवारीतला आणि दुसऱ्या बाजूचा जुलैतला. जवळचा तारा मागच्या ताऱ्यांवर किंचित सरकतो. ती सरक मोजायची. एका अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला. पृथ्वी-सूर्य अंतराएवढी आपली जागा बदलल्यावर जो तारा बरोबर एक विकला सरकेल, तो एक पार्सेकवर. गंमत अशी की एवढा सरकणारा एकही तारा आकाशात नाही. सगळे त्याच्याही पलीकडे आहेत.

शास्त्रज्ञ मोजतात पार्सेकमध्ये. पण माणसाला पार्सेक सांगून काही होत नाही. त्याला वर्षं सांगावी लागतात. एका पार्सेकात सव्वातीन प्रकाशवर्षं, आणि एक चिमूटभर जास्त. सरांची रीत लहानपणच्या पाढ्यांची होती : तिप्पट कर आणि वर पाव घाल. अभिजित सात पूर्णांक सात पार्सेक. तिप्पट तेवीस, पाव जवळपास दोन. पंचवीस प्रकाशवर्षं. गाडी चालवताना, चहा गाळताना त्यांचे ओठ हलत. मला वाटायचं जप करतात.

कार्यक्रमाच्या शेवटी सरांनी एक प्रथा सुरू केली होती, ‘तुमचा तारा’. कुणीही आपलं वय सांगायचं. तितकी प्रकाशवर्षं दूर असलेला तारा सर दाखवत आणि म्हणत, “तुम्ही जन्मलात तेव्हा हा उजेड तिथून निघाला. वाटेत कुठेही थांबला नाही. आत्ता पोचतोय.”

एवढंच. पण त्या एका वाक्यानंतर घुमटात जी शांतता व्हायची तिला मला अजून शब्द सापडलेला नाही.

अल दुहैलमधल्या एका कंपाउंडमध्ये आपल्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम होता. एका पुण्याच्या वहिनींनी चौतीस वय सांगितलं. सरांनी पुनर्वसु दाखवला. अंधारातून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, “सर, त्रेचाळीसला कोणता आहे?”

“ब्रह्महृदय.”

“तो दाखवा. हिचा तोच.”

“घरी चला,” वहिनी म्हणाल्या, “ब्रह्महृदय मी दाखवते तुम्हाला.” घुमटभर हशा पिकला.

आणि एकदा एका मॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधले एक कतारी आजोबा नातवंडांबरोबर आले. वय पासष्ट. सरांनी रोहिणी दाखवली. आजोबांनी झोपल्या झोपल्याच तिचं अरबी नाव घेतलं, ‘अल दबरान’. मग हळू आवाजात काही सांगितलं. नातीने इंग्रजीत करून सांगितलं की या आजोबांचे आजोबा मोती काढायला समुद्रात जायचे, आणि होडी हाकताना हाच तारा बघायचे. ती म्हणाली, “त्यांना वाटत होतं हा आमच्या घरचा तारा आहे. आता म्हणतात, माझाच आहे.” आजोबा बाहेर पडताना सरांचा हात धरून बराच वेळ उभे होते. “शुक्रन,” म्हणाले, म्हणजे आभार.

अशा गोष्टीत आकडा चुकून चालत नाही. म्हणून सरांचा एक नियम होता : वाचन. ताऱ्यांची यादी नवी केली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने वहीतून पार्सेक मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने तोंडी तिप्पट करून वर पाव घालून वर्षं सांगायची, आणि छापील कागदावर तोच आकडा आहे का ते बघायचं. चाळीस ताऱ्यांना वीस मिनिटं लागत. मला तो पोरखेळ वाटे. लॅपटॉप काय चुकतो का.

लॅपटॉप चुकला नाही.

तो हिवाळा होता. शुक्रवारी रास लफानकडच्या एका कामगार वसाहतीत कार्यक्रम ठरला होता आणि सरांचा घसा पार बसला होता. पहिल्यांदाच मी एकटा बोलणार होतो. सरांनी चाळीस ताऱ्यांची नवी वही दिली, अंतरं पार्सेकमध्ये. गुरुवारी दुपारी मी ते आकडे शीटमध्ये भरले आणि गुणाकाराचं सूत्र खाली ओढलं. एकतीस ओळींपर्यंत ओढलं असेल, तेवढ्यात मॅनेजर दारात आला, “यल्ला, व्हॅन भरायची आहे, ड्रायव्हर थांबलाय.” परत येऊन बसलो तेव्हा उरलेल्यांना सूत्र लावायचं राहिलंय हे आठवलंच नाही. उरलेल्या नऊ ताऱ्यांचे आकडे होते तसे पुढच्या रकान्यात चिकटवले, रकान्यावर ‘प्रकाशवर्षे’ लिहिलं, लहान ते मोठं असं लावून घेतलं आणि छापलं. नऊ पार्सेक एकतीस प्रकाशवर्षांत असे मिसळले की वेगळे दिसेनात. खाली नेहमीप्रमाणे सरांचं नाव, ‘संकलन’ म्हणून. ते मी मुद्दाम ठेवलं. मी एकटा बोलणार, तर कागदाला तरी वजन असावं.

संध्याकाळी सरांचा फोन. आवाज घोगरा. “वाचन केलंस का रे कुणाबरोबर?”

“हो सर. झालं.”

खरं म्हणजे माझी चूक नऊ ओळींची नव्हतीच. ती या तीन शब्दांची होती.

शुक्रवारी घुमट भरला. बहुतेक सगळे वेल्डर, फिटर, रिगर. आठवड्याच्या एकुलत्या एका सुटीला झोप सोडून आलेले. शेवटी मी ‘तुमचा तारा’ सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, “सर, मराठी का तुम्ही? बोलण्यावरून वाटलं.”

तो नामदेव, परभणीकडचा, वेल्डर. मी त्याला वय विचारलं.

“माझं ऱ्हाऊ द्या. मह्या पोरीचं सांगा. अकरा भरले, बारावं चालूय. ती झाली तव्हा म्या इथंच होतो.”

मी टॉर्चने कागद पाहिला. स्वाती, अकरा पूर्णांक सव्वीस. खालच्याच ओळीत प्रश्वा, अकरा पूर्णांक सेहेचाळीस. एकाच वयाला दोन उजळ तारे बघून मला आनंद झाला, की आज निवड करता येतेय. प्रश्वा बरोबर होता. स्वाती जास्त सुंदर, नारिंगी, आणि घुमटात मी पहाटेचं आकाश लावलं होतं तेव्हा तो ऐन डोक्यावर होता. मी स्वाती दाखवला. सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तुझी मुलगी जन्मली तेव्हा हा उजेड निघाला.

नामदेव कोपरावर उठून वर बघू लागला. मग म्हणाला, “आम्ही दिसभर काळ्या काचेआडून उजेड बघतो, सर. नागड्या डोळ्यानं बघायचा नाही, हेच आमचं काम. हा बघता येतो.”

मी सांगितलं की सध्या पहाटे दिसेल. त्याने हिशेब केला. गावाकडे पहाट आधी होते. “म्हंजी आधी ती बघंल. मागून म्या, बसला उभा ऱ्हायलो की. तारा तिच्याकून मह्याकडं येतो.”

बाकीचे हसले नाहीत. चाळीस माणसं त्या नारिंगी ठिपक्याकडे बघत होती. हे मी खोट्या आकड्यावर उभं केलं होतं, आणि तरीही ती शांतता खरी होती. मला दोन्ही एकदम आठवतं.

दीड महिन्याने नामदेवच्या पोरीने, दीक्षाने, शाळेत विज्ञान दिनाला भाषण केलं. माझा तारा स्वाती, त्याचा उजेड अकरा वर्षांनी पोचतो, मी जन्मले तेव्हा निघालेला, माझे बाबा कतारहून आणि मी इथून, आम्ही दोघं रोज पहाटे तो बघतो. पाहुण्या शिक्षकांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं : अकरा नव्हे, सदतीस. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पडलं ‘अकरा वर्षंवाली’. तिने पहाटे उठायचं सोडलं. नामदेवने वसाहतीच्या वेल्फेअर ऑफिसरला सांगितलं, ऑफिसरने आमच्या कंपनीला मेल केली, ‘अशिक्षित समजून आमच्या माणसांना काहीही सांगितलं जातं.’

मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तो कागद होता. मॅनेजरने बोट ठेवलं ते तळाशी, सरांच्या नावावर.

“ही लिस्ट कुणाची?”

सरांनी चष्मा वर केला आणि कागद वाचला. त्यांचे ओठ हलले. तिप्पट, वर पाव. त्यांना दहा सेकंदही लागले नसतील. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीच्या जाळीकडे बघत होतो. त्या जाळीला एकोणीस पट्ट्या होत्या.

“लिस्ट माझी आहे,” सर म्हणाले.

माझा व्हिसा नोकरीशी बांधलेला होता, मुलगी दहावीला होती. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. ती खरी आहेत आणि पुरत नाहीत. सरांचा करार दोन महिन्यांनी संपत होता. तो पुढे वाढवला गेला नाही. शाळांमध्येही बातमी गेली. ज्या माणसाने वीस वर्षं आकडा तपासल्याशिवाय तोंड उघडलं नाही, त्याच्याबद्दल लोक म्हणाले, आता वय झालं त्यांचं.

त्याच दुपारी मी शीट उघडून त्या नऊ ओळींना सूत्र लावलं. अर्धं मिनिट लागलं.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. गाडीत सर हवापाण्याचं बोलत होते. उतरताना त्यांनी ती वही माझ्या हातात दिली.

“मोजण्यात चूक होते रे, सगळ्यांची होते. म्हणून तर मोठ्याने वाचायचं असतं.”

“सर, मी...”

“जा आता. मागे गाडी थांबलीय.”

मी गेलो. मागे खरंच गाडी थांबली होती.

नंतर एकदाच नामदेव भेटला, अबू हमूरच्या मॉलबाहेर, कंपनीच्या बसच्या रांगेत. त्याने मला ओळखलं, आपणहून पुढे आला.

“सर, तुमचे मोठे सर चुकीचं लिहून देत होते म्हणं. तुमचा काय दोष, तुम्ही कागदावरचं वाचलं.”

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

बस आली, तो चढला. खिडकीतून हात केला. ते माझं वाक्य मी मीटिंगमधल्या गप्प बसण्यापेक्षा वाईट समजतो. तिथे मी फक्त बोललो नव्हतो.

सरांच्या जागी आता मी बोलतो. त्यांचीच वाक्यं. वाचन दर यादीला करतो, समोर कुणी नसलं तर दोन्ही बाजूंनी मीच. एकदा माझी मुलगी दारात येऊन म्हणाली, “बाबा, who are you talking to?” मी म्हटलं, तपासतोय.

असाच एकदा सरांच्या मापाने तारे जमिनीवर मांडत बसलो होतो. पृथ्वी-सूर्य एक मीटर, तर स्वाती कुठे? गुणाकार केला. दोन हजार तीनशे वीस किलोमीटर. मी नकाशा उघडला. दोह्यापासून एवढ्या अंतरावर जवळजवळ मुंबई आहे. आणि प्रश्वा सव्वासातशेवर, मस्कतच्या आसपास. म्हणजे मी मुंबईचा तारा उचलून मस्कतला आणून ठेवला होता, आणि एका बापाला सांगितलं होतं की घर एवढ्या जवळ आहे.

मग वसाहतीने दिलेली त्या दिवसाची हजेरी काढली. नाव, गाव, वय. नामदेवच्या पुढे वय लिहिलं होतं सदतीस. ‘माझं ऱ्हाऊ द्या’ म्हणाला होता तो. मी तिप्पट केली आणि वर पाव घातला. अकरा पूर्णांक सव्वीसची तिप्पट तेहेतीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर, वर दोन पूर्णांक ब्याऐंशी, आणि ती चिमूट. छत्तीसच्या पुढे, सदतीसला टेकलेलं. स्वाती नामदेवचा स्वतःचा तारा होता. तो जन्मला तेव्हा परभणीतल्या कुठल्याशा घरावर जाण्यासाठी निघालेला उजेड, वाटेत कुठेही न थांबता, रास लफानच्या बसथांब्यावर त्याच्या डोळ्यांत उतरत होता. आणि तो दर पहाटे मान वर करून तो पोरीचा म्हणून बघत होता. इतकं मोठं आकाश, आणि माझी चूकही त्यात कुणाच्या तरी घरी पोचली होती.

‘तुमचा तारा’ वयाबरोबर बदलतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दीक्षा सोळा-सतराची झाली तेव्हा तिचा तारा श्रवण होता. ती वेळ येऊन गेली, मी सांगितलं नाही. आता ती अठराची असेल. पुढचा मोठा उजळ तारा अभिजित, पंचवीसला. तो उजेड निघालेला आहे.

नामदेवचा नंबर त्या हजेरीच्या कागदावर आहे. सर लातूरला असतात, दर दिवाळीला मेसेज करतात, मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. त्यांच्या घरी हा अंक जात असेल. पण छापून येणं वेगळं, आणि समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवणं वेगळं, हे मला त्यांनीच शिकवलं.

तेव्हा माझं देणं असं आहे. दीक्षाला प्रश्वा. नामदेवला त्याचा स्वाती, आणि सर चुकले नव्हते ही माहिती. आणि ठोंबरे सरांना, माझ्या तोंडाने, त्यांच्या समोर बसून : वाचन झालं नव्हतं, सर. मी खोटं बोललो.